धुरातली माय

मंडळी, कळवण्यास अत्यंत भय वाटते की, पिंपळगाव राजात एकदा एका काचेमुळे अख्खी गल्ली थरथरली होती.

ती काच, म्हणजे कॅमेऱ्याची लेन्स, आमच्या फोटोवाल्याने खामगावहून पारखायला आणली होती. पसंत पडली तर ठेवायची, नाहीतर बाजाराच्या दिवशी परत. महाराष्ट्र नवा होता, गल्लीत वीज यायची होती, आणि त्याची जुनी लेन्स घरात आंधळीच. म्हणून तो गिऱ्हाइकाला उन्हात बसवायचा, बोट वर करायचा आणि ओरडायचा, "हालू नोका!" बोट खाली येईपर्यंत माणसं श्वास घेत नसत. माझं शिवणकामाचं दुकान शेजारी. त्या आरोळीने माझं मशीनसुद्धा थांबायचं. नवी लेन्स दाखवत त्याने मला विचारलं,

"भाऊ, हे लेन्स चुलीच्या उजेडात फोटो काढते म्हनतेत. घेऊ का नोको घेऊ?"

परीक्षा म्हणून त्याने चुलीपुढे बायकोला बसवलं, मागे स्वतःची म्हातारी माय. फोटो धुऊन आला. बायकोच्या नथीतला मोती न् मोती लख्ख, आणि मागची माय नुसता धूर! अशी लेन्स पूर्ण उघडली की एकच चेहरा नीट धरते, मागचा सोडून देते. एवढंच ते. पण आमच्याकडे म्हाताऱ्यांचा फोटो बहुधा तिरडीवरच निघायचा. मायने तो धूर पाहिला आणि अंथरूण धरलं.

"मी गेली म्हना. माही लुगडी वाटून टाका."

पोराने समजावलं. समजावता समजावता तोच पुन्हापुन्हा फोटो पाहू लागला. मला बाजूला घेऊन कुजबुजला, "भाऊ, या काचेले आधीच दिसलं असन का?"

मी हसलो. मग हळूच मायचा श्वास चालू आहे ना, ते पाहून आलो.

उपाय एकच. पुन्हा फोटो, पण आता मायचाच चेहरा धरून. ती एकटी बसेना. "एकट्याचा फोटो मेल्यावर काढतेत!" म्हणजे मागे कोणीतरी हवं, आणि मागे बसेल तो धूर होणार! गल्लीतले वाघ निसटू लागले. एकाला म्हैस आठवली, दुसऱ्याला सासुरवाडी. फोटोवाल्याने माझ्याकडे पाहिलं, तेव्हा मला एक अर्धवट बाही आठवली.

शेवटी त्याने कॅमेरा तिपाईवर ठेवला, मायवर नेम धरला, खटका माझ्या हाती दिला आणि स्वतः तिच्या मागे जाऊन बसला. बोट वर केलं. "हालू नोका!"

हलत होतं ते बोटच.

तो आता नाही. शेवटपर्यंत त्याच्या कॅमेऱ्याला जुनीच लेन्स होती. कोणी विचारलं तर म्हणे, "ते काच हलकी निंगाली." पण मी तिथे होतो. ओला फोटो त्याने मायपुढे धरला. तिची सुरकुती न् सुरकुती जिवंत. पुन्हा आडवी झालेली म्हातारी अंथरुणात उठून बसली, बोळकं पसरून हसली. मग तिची नजर फोटोत स्वतःच्या खांद्यामागे गेली, आणि ती किंचाळली,

"अवं माय! माहा पोरगा कुठी गेला? मले टाका धुरात, त्याले भायेर काढा!"