डावीकडची घरं

तो एका लॅबमध्ये कवळ्या बनवायचा. दातांच्या डॉक्टरांकडून तोंडाचे साचे यायचे, त्यात प्लास्टर ओतून तो जबडे तयार करायचा आणि मेणात एकेक दात बसवत जायचा. त्याची बायको शहर बस चालवायची. डेपोत तिच्या नवऱ्याला सगळे 'दातवाले' म्हणत, आणि तो कधी तिला न्यायला आला की पटापट तोंडं मिटून घेत. त्याला ते माहीत होतं. मग तोही मुद्दाम एकेकाच्या ओठांकडे रोखून बघत उभा राहायचा.

गेमचं वेड मुळात तिचं होतं. पहिली पाळी संपवून ती दुपारी घरी आली, की चहाचा कप घेऊन संगणकापुढे बसायची. एका जुन्या बंदरात हरवलेल्या बहिणीला शोधत फिरायचं, असा तो गेम होता. दिवसभर लोकांचे धक्के आणि सिग्नल सोसल्यावर त्या रिकाम्या गल्ल्यांतून चालताना तिचा जीव हलका व्हायचा. एकदा तो मागे येऊन उभा राहिला आणि म्हणाला, या सगळ्यांच्या तोंडात दातांच्या जागी नुसती पांढरी पट्टी आहे. दात कोण बघतं, असं ती म्हणाली. पण ती पट्टी त्याच्या डोक्यात जाऊन बसली. गेमच्या फायली उघडून त्यात आपले बदल करणारे लोक असतात, त्या बदलांना मॉड म्हणतात, हे त्याने कुठून कुठून वाचून काढलं. काही आठवड्यांत बंदरातल्या प्रत्येकाला स्वतःचे दात आले. कोळ्याचे झिजलेले, मास्तरणीचा एक सुळा जरा पुढे. बंदरावरचा फौजदार तिच्यावर ओरडला तेव्हा त्याची एक दाढ पडलेली दिसली आणि तिला हसू आवरेना.

दातांवर भागलं असतं तर ठीक. त्यानंतर दारांच्या बिजागऱ्या आल्या, छपरांच्या पन्हळी आल्या, दोरीवरचे कपडे वाळले की आपोआप आत जाऊ लागले. गेम मात्र तो कधी खेळलाच नाही. तिने एकदा बळेच बसवलं, तर पहिल्या पुलावर जाऊन तो थांबला तो थांबलाच. बहीण सापडेल गं कधीतरी, पण हा पूल बघ, एक खिळा नाही आणि उभा आहे, असं म्हणून त्याने गेम बंद केला आणि फायली उघडल्या. त्याचं म्हणणं असं, की खेळताना दुसऱ्याने आखून दिलेल्या वाटेने जायचं असतं, आणि तसं तर आपण रोजच जातो.

तिची मात्र पंचाईत व्हायची. अर्ध्यावर ठेवलेला खेळ दुसऱ्या दिवशी उघडला, की काल जिथे दार होतं तिथे भिंत असायची. त्या दारातून पाऊस आत यायचा, म्हणून पलीकडे सरकवलं, असं तो अगदी शांतपणे सांगायचा. त्याच्या बदलांमुळे तिचा खेळ दुसऱ्या भागाच्या पुढे कधी गेलाच नाही. तिथे पोचलं की सगळं ठप्प. यावरून अबोला व्हायचा, जेवणापर्यंत टिकायचा. पण तिने फिरून बघितल्याशिवाय तो आपलं काम जगापुढे ठेवत नसे. डेपोतून बस बाहेर काढण्याआधी ती बसभोवती एक फेरी मारायची, तशीच ती त्याच्या गल्ल्यांतून फिरायची, आणि कुठे काय खटकतं ते सांगायची. मग अनोळखी लोक इंटरनेटवरून ते मॉड उतरवून घ्यायचे, आभार लिहायचे, आणि तो ते आभार तिला स्वयंपाकघरात येऊन वाचून दाखवायचा.

एका हिवाळ्यात त्याने बंदरामागच्या टेकडीवर अख्खी नवी गल्ली उभारली. झाली म्हणाला, तेव्हा ती फिरायला बसली. उजव्या हाताला एकाहून एक देखणी घरं होती: पडदे, कुंड्या, भिंतीला टेकवलेली सायकल, खिडकीत झोपलेलं मांजर. डाव्या हाताला काही नव्हतं. राखाडी, सपाट जमीन.

"डावी बाजू कधी करणार?" तिने विचारलं.

"केली की. दिसत नाही का?"

तो चेष्टा करत नव्हता, चांगला दुखावला होता. बंदराकडून वर बघत काम करायची त्याची सवय होती. तिने दृश्य फिरवलं, टेकडीच्या माथ्यावरून खाली बघितलं, आणि ती रिकामी बाजू पडद्याच्या उजवीकडे आली. तो खुर्चीतून पुढे वाकला.

"हे कोणी पुसलं?"

फाइल खराब झाली असेल, म्हणाला. मग तिने काही दाबलं का, असं विचारलं. ती नाही म्हणाली, तरी त्याचा विश्वास बसलेला दिसला नाही.

त्याच आठवड्यात लॅबच्या मालकाचा तिला फोन आला. त्याला नाही, तिला. कवळ्या परत येताहेत, म्हणाला, डावीकडे दात बसवलेलेच नसतात. बोललो तर माझ्यावर चिडतो. वहिनी, घरी काही बिनसलंय का? त्या रात्री जेवताना ती त्याच्या ताटाकडे बघत राहिली. उजवं अर्धं ताट लख्ख होतं, डावीकडे भाजी तशीच. अजून वाढ, तो म्हणाला. तिने नुसतं ताट फिरवलं. तो पुन्हा जेवू लागला, आणि ती आत जाऊन नळ सोडून उभी राहिली.

इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी त्याला घराचं चित्र काढायला सांगितलं. त्याने मन लावून काढलं. अर्धंच घर, पण पन्हळ अगदी जिथल्या तिथे. मग यंत्रात घालून डोकं तपासलं. मेंदूच्या उजव्या बाजूला गाठ होती. डोळे चांगले आहेत, डॉक्टरीणबाईंनी तिला समजावलं, पण त्यांना डावीकडे अंधार दिसतो असं समजू नका. त्यांच्या लेखी डावीकडे काही नाहीच.

ऑपरेशन झालं. गाठ जमेल तेवढी काढली. तो घरी आला तो डावा हात लोंबकळत ठेवूनच. लॅबचा मालक भेटायला आला, खुर्चीच्या कडेवर बसला, तुझी जागा तशीच आहे म्हणाला. दोघंही दुसरीकडे बघत होते. नणंद मदतीला येऊन राहिली होती. तिने पहिल्याच दिवशी संगणकावर चादर टाकली. या डबड्यापुढे बसून बसूनच माझ्या भावाचं डोकं नासलं, म्हणाली. डॉक्टरांनी तसं काही नाही म्हणून सांगितलं होतं, पण बोलून उपयोग नव्हता. नणंदेला कोणावर तरी राग काढायचा होता, आणि संगणक उलट बोलत नव्हता.

नणंद गेल्यावर तिने चादर काढली. खुर्ची ओढून ती त्याच्या डावीकडे बसली. त्याचा उजवा हात माउसवर, आणि दृश्य फिरवायचं काम तिचं. डावीकडची जमीन उजवीकडे आणली की त्याच्या लेखी ती असायची, मग तो तिथे भिंत उभी करायचा. अजून थोडं फिरव, म्हणायचा. चांगल्या दिवशी एखादं घर होई. वाईट दिवशी एक उंबरठा, नाहीतर तेही नाही. मधेच विसरून तो पुन्हा उजवीकडच्या घरांना रंग देत बसायचा. तिने डेपोत सांगून दुपारची पाळी घेतली होती, म्हणजे सकाळ त्याला मिळे. तो खुशीत असायचा, शीळसुद्धा घालायचा. रडणाऱ्या माणसाला धीर तरी द्यावा, पण शीळ घालणाऱ्या माणसाचं काय करायचं, हे तिला कळत नसे. गाडी चालवताना तिचे डोळे भरायचे, आणि स्टॉप आला की कोरडे करावे लागायचे.

गल्ली पूर्ण झाली, लोकांनी उतरवून घेतली, आभार आले. ते आता ती त्याला वाचून दाखवायची.

गाठ पुन्हा वाढली. डॉक्टरीणबाईंनी तिला बाहेर बाकावर नेऊन सांगितलं, की आता कापाकापीत अर्थ नाही. ती आत आली तर तो वाट बघत होता.

"गाठ परत आली ना?"

"हो."

तो पांघरुणाची शिवण चाचपू लागला. मग म्हणाला, त्या गेमचा शेवट काय आहे ते मी कधी बघितलंच नाही, तू खेळून दाखव.

त्याच्या बदलांसकट तो गेम शेवटापर्यंत जाणारच नव्हता. म्हणून तिने मूळचा, कोरा गेम संगणकावर टाकला. सगळ्यांच्या तोंडात पुन्हा पांढऱ्या पट्ट्या. तो उशांना टेकून उजव्या कुशीवर पडायचा, ती पडदा त्याच्या नजरेत येईल असा ठेवून खेळायची. कधी तो जागा असे, कधी नसे. झोपला की ती थांबायची. शेवटी एका परक्या शहरात, एका लहानशा खोलीत बहीण सापडली. ती हरवलीच नव्हती. आपणहून गेली होती, आणि तिला परत यायचं नव्हतं. पडद्यावर नावं सरकू लागली.

"एवढंच?" त्याने विचारलं.

"एवढंच."

"तिच्या खोलीला एक खिडकी द्यायला हवी होती."

"देऊ या."

"तू दे," तो म्हणाला, आणि डोळे मिटले.

त्यानंतर त्याचं बोलणं तुटक होत गेलं आणि मग थांबलं. पावसाळा लागण्याआधी तो गेला. नणंद आली, राहिली, त्याचे कपडे घड्या घालून ठेवले आणि गेली. जाताना या वेळी संगणकाला काही बोलली नाही.

एका सुट्टीच्या सकाळी तिने गेमच्या फायलींतली बहिणीची ती खोली उघडली. त्याच्या शेजारी बसून जेवढं शिकली होती तेवढ्यावर भिंतीला भोक पाडलं, चौकट बसवली. चौकट थोडी तिरकी झाली. मग खेळात शिरून ती खिडकीपाशी उभी राहिली. बाहेर काही नव्हतं. गेम करणाऱ्यांनी ती खोली तेवढी केली होती, तिच्या पलीकडे राखाडी जमीनसुद्धा नव्हती. इथे काय ठेवायचं, समुद्र की समोरची घरं, हे त्याला विचारावं म्हणून तिने मान वळवली.

मग तिने ती फाइल तशीच ठेवून संगणक बंद केला. दुसऱ्या दिवशी तिने डेपोतल्या साहेबांना सांगून पुन्हा सकाळची पाळी मागून घेतली. दुपारचा वेळ कसा घालवणार, असं कोणी विचारलं नाही.