गुरुवारी फेल होणारी टेस्ट

गुरुवारी सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी शिक्रापुरात वीज गेली आणि माझी टेस्ट फेल झाली.

हायवेलगतच्या भाड्याच्या खोलीत बसून मी पुण्याच्या एका कंपनीचं काम करत होते, कंत्राटावर. कोडमधला प्रत्येक बदल जपून ठेवणारा सर्व्हर असतो. त्याच्याकडून फाइल आणून देणारी जावा लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्रॅमनी वापरायचा तयार कोड, आमची टीम लिहीत होती. तिच्या आपोआप चालणाऱ्या टेस्ट माझ्याकडे होत्या.

गुरुवार आमच्याकडे लाइनच्या दुरुस्तीचा, म्हणजे वीज नसण्याचा दिवस. लॅपटॉप बॅटरीवर चालतो, राउटर बंद पडतो. त्या दिवशी फेल झालेल्या टेस्टपुढे 'लाइट गेली' असं लिहायचं आणि लाइट आली की ती पुन्हा चालवायची, ही टीमची पद्धत. मीही कित्येक महिने तेच लिहिलं. त्या गुरुवारी लिहिण्याआधी फाइल उघडून पाहिली. ती अर्धीच उतरली होती. लायब्ररीने मात्र 'काम पूर्ण' असं कळवलं होतं.

टीम लीडना फोन केला.

"मॅडम, गुरुवारचीच आहे ना? बंद करून टाका. उद्या नव्या आवृत्तीचं रिलीज आहे."

"बंद करणार नाही."

"तुमच्या गावाला लाइट नाही, हा लायब्ररीचा दोष का?"

"अर्धी फाइल आणून पूर्ण म्हणते, हा तिचाच दोष."

माझं कंत्राट महिनाअखेरीस संपत होतं. पुढच्याची शिफारस त्यांनीच करायची होती. त्यांनी तेही ऐकवलं.

शुक्रवारी वीज होती. मी राउटरची पिन काढून सहा वेळा तेच करून पाहिलं. टाकी बघायला वर आलेले घरमालक दारात थांबले.

"काल लाइट न्हाई म्हणून वरडत हुतीस. आज हाय, तर तूच घालवती?"

"आबा, मुद्दाम करतेय."

"एक गुरुवार पुरंना व्हय तुला?"

सहाही वेळा फाइल अर्धी, काम 'पूर्ण'. मग मी मध्येच जोडणी तोडणारा नकली सर्व्हर लिहिला. आता टेस्टला वीज जायची गरज नव्हती. ती पुण्याच्या मशीनवरही प्रत्येक वेळी फेल झाली. ती पास झाल्याशिवाय रिलीज पुढे सरकत नव्हतं, आणि ती काढायला माझी मंजुरी लागत होती.

दुपारी लीडचा फोन आला. "काढा ती. नाहीतर रिलीज तुमच्यामुळे थांबलं, असं वर लिहीन."

"लिहा. माझं नाव पहिल्या ओळीत टाका."

रिलीज थांबलं. सोमवारी लायब्ररीतली चूक दुरुस्त झाली आणि टेस्ट पास झाली. महिनाअखेरीस कंत्राट संपलं; नवं आलं नाही. त्या लायब्ररीचा कोड कुणालाही पाहता येतो. काल पाहिला. टेस्ट त्यात आहे, चालू आहे.