डावीकडून तिसरी पट्टी

सुरुवातीलाच माफी मागतो. इमारतींविषयी लिहावं असं माझं शिक्षण नाही आणि आठवणी लिहाव्यात असं माझं वयही नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं नव्हतं, त्यामुळे काय सांगायचं आणि काय गाळायचं हे विचारायलाही कुणी नाही. चुकलं तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं. एक गोष्ट मात्र आधीच कबूल करतो. यात माझी बाजू चांगली नाही.

सोलापूर-हैदराबाद रस्ता उमरग्यातून जातो. निजामाचं राज्य गेल्यानंतरच्या दहा-पंधरा वर्षांत या रस्त्यावर ट्रक वाढले आणि ट्रकांच्या मागोमाग रस्त्याच्या कडेनं इमारती उभ्या राहिल्या. एक पेट्रोल पंप, एक लॉज, दोन-तीन चहाची हॉटेलं, एक गॅरेज, जकात नाक्याची चौकी. मागून बघितलं तर सगळं साधंच, मातीच्या भिंती आणि वर पत्रे. पण रस्त्याकडची दर्शनी भिंत अशी की हैदराबादेकडून येणाऱ्या ड्रायव्हरचा पाय आपोआप ब्रेकवर जावा. पंपाला दोन गोल खांबांवर तोललेलं सिमेंटचं पातळ छत होतं. गॅरेजच्या माथ्यावर गिलाव्यात कोरलेलं मोटारीचं चाक होतं. लॉजचा कोपरा गोल होता, आणि त्याच्या तोंडावर सात उभ्या पट्ट्या जमिनीपासून निघून छताच्याही वर गेलेल्या, वर जाऊन सूर्याच्या किरणांसारख्या पसरलेल्या.

यातल्या बऱ्याचशा भिंती माझ्या वडिलांनी केलेल्या आहेत. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. ते गवंडी होते. लहानपणी एका हैदराबादी मिस्त्रीच्या हाताखाली राहून ते हे नक्षीचं काम शिकले होते. लॉज झाला त्या वर्षी मी पाळण्यात होतो.

मला कळायला लागेपर्यंत तसली कामं संपली होती. बहात्तरच्या दुष्काळात आबा त्याच रस्त्याच्या कडेला खडी फोडायला जात. पुढं सोसायट्यांचे दिवस आले. सोसायटीचं गोदाम, दूध संघाची इमारत, कारखान्याच्या कामगारांच्या खोल्या. काम मिळे, पण नकाशा इंजिनिअरचा आणि भिंत सपाट. नावसुद्धा रंगारी येऊन रंगवून जाई. एकदा मी आबांना विचारलं, की गोदामाला तुम्ही थोडी तरी नक्षी का करत नाही? ते म्हणाले, "गोदामाला कोण नजर लावणार हाय, लेका?"

हे नजरेचं सांगायला हवं. कॉलेजात माझं नाव घालायला आबा मला घेऊन उमरग्याला आले, त्या दिवशी स्टँडवरून कॉलेजपर्यंत त्यांनी मला रस्त्याच्या कडेकडेनं पायी नेलं. लॉजसमोर आल्यावर ते थांबले.

"ती तिसरी पट्टी बघ. डावीकडनं."

मी बघितलं. बाकीच्या सहा पट्ट्या ओळंब्यात सरळ होत्या. ही एक वरच्या टोकाला जराशी कललेली होती आणि दोन बोटं अपुरी राहिली होती.

"वाकडी आहे," मी म्हणालो.

"वाकडी न्हाय. वाकडी केल्याली हाय. गालबोट हाय ते."

तान्ह्या पोराच्या गालाला काजळाचं बोट लावतात, तसं नव्या इमारतीला दृष्ट लागू नये म्हणून आबा दर्शनी भिंतीत एक बारीकसं व्यंग मुद्दाम ठेवत. मला आश्चर्य वाटलं. दीक्षा घेतल्यापासून आमच्या घरात लिंबू-मिरची, उतारा, असलं काहीही उरलं नव्हतं आणि ते सगळ्यात आधी आबांनीच फेकून दिलं होतं.

"तुम्ही मानता हे?"

"मी कशाला मानू? मालक मानतो." ते हसले. "मालकाला वाटतं गालबोट हाय. ती माझी खूण हाय. तवा मला अक्षर येत न्हवतं. मग सही कशी करणार?"

त्यानंतर कॉलेजला जाता-येता मी रोज ती पट्टी बघायचो. उमरग्यात माझ्या ओळखीचं तेवढंच होतं.

पहिल्या वर्षीच मला एक मित्र मिळाला. त्याच्या वडिलांचा स्टँडजवळ फोटो स्टुडिओ होता. मित्र स्वभावानं मोकळा. त्याच्या डब्यात धपाटी असली की पहिलं माझ्यापुढं यायचं, आणि माझ्या भाकरीचा तुकडा तो न विचारता मोडून घ्यायचा. त्यानं मला एकदाही कमी लेखलं नाही. खरं सांगायचं तर हेच मला सहन व्हायचं नाही. त्यानं कधी टोचून बोलायला हवं होतं, म्हणजे मला त्याचा राग करता आला असता. राग करता येईना, म्हणून मी त्याचा हेवा करत राहिलो.

त्याच्या घरी अल्बम होते. तीन महिन्यांचा तो, जावळ काढताना रडणारा तो, पाटी घेऊन उभा असलेला तो. मी लहानपणी कसा दिसत होतो हे मला माहीत नाही. आईला विचारलं तर ती म्हणायची, "कसा म्हंजी? काळा आन् रडका." आबांचा तर एकही फोटो आमच्याकडं नव्हता.

दुसऱ्या वर्षी स्नेहसंमेलनाच्या आधी मित्रानं वर्गात एक जाड लिफाफा आणला. त्याच्या वडिलांनी जुन्या काळी रस्त्यावरच्या इमारतींचे फोटो काढून ठेवले होते. काही मालकांनी काढून घेतलेले, काही हौसेनं काढलेले. आमचे इतिहासाचे सर एकेक फोटो खिडकीच्या उजेडात धरून बघत होते आणि म्हणत होते, "अरे, हे सोनं आहे! तुझ्या वडिलांना किती दृष्टी होती बघ!" सगळा वर्ग त्याच्याभोवती गोळा झाला. मीही गेलो. सरांनी फोटो उलटा केला. पाठीमागं स्टुडिओचा जांभळा शिक्का होता. प्रत्येक फोटोच्या मागं होता.

माझ्या मनात तेव्हा जे आलं ते मी जसंच्या तसं लिहितो. ज्यानं बटण दाबलं त्याचं नाव मागं आहे, आणि ज्यानं तीन-तीन महिने उन्हात उभं राहून ती भिंत केली त्याचं पुढं नाही आणि मागंही नाही.

सरांनी प्रदर्शन भरवायचं ठरवलं. जुना फोटो आणि त्याच्या शेजारी आज तिथं काय उरलंय त्याची टिपणं. टिपणं करायला मित्र आणि मी, असे दोघं फोटो हातात घेऊन रस्त्यानं फिरलो. पंपाचं छत अजून होतं, पण कडा तुटून आतली सळई दिसत होती. गॅरेजचं चाक टायरच्या जाहिरातीच्या पत्र्यामागं गेलं होतं. मित्रानं पत्र्याच्या फटीत डोकावून बघितलं आणि लहान पोरासारखा ओरडला, "आहे रे! चाक आहे आत!" नाक्याच्या चौकीत कुणीतरी कडबा भरला होता, पण दारावरची नक्षी शाबूत होती. प्रत्येक ठिकाणी मी आबांचं गालबोट शोधत होतो. चाकाच्या एका आऱ्यात सापडलं, चौकीच्या नक्षीतल्या एका पानात सापडलं. वहीत मी यातलं काहीही लिहिलं नाही.

लॉजचा फोटो सगळ्यात चांगला होता. काम चालू असताना काढलेला. पुढं बांबूची परांची, त्या परांचीवर पाठमोरा एक माणूस, डोक्याला पंचा, एका पायावर भार देऊन उभा. चेहरा दिसत नव्हता. पण आबा भाकरी खाऊन हात धुतानाही तसेच एका पायावर उभे राहतात.

"हा कोण असंल रे?" मित्र म्हणाला. "काय काम केलंय लेका ह्यानं! आमच्या बाबांना आठवत न्हाय. तुमच्या गावाकडं जुना कोणी गवंडी असंल तर विचारून बघ की. नाव मिळालं तर खाली मोठ्या अक्षरात लिहू."

नुसतं एक नाव सांगायचं होतं. पण मी तो फोटो बघत होतो आणि मला वाटत होतं, की सांगितलं तर आबासुद्धा याचेच होतील. याच्या लिफाफ्यातले, याच्या वडिलांच्या शिक्क्याखालचे. हा ते नाव सगळ्या कॉलेजला वाचून दाखवील आणि सर पुन्हा याचीच पाठ थोपटतील. माझ्याकडं सगळ्या उमरग्यात एकच गोष्ट अशी होती जी याच्याकडं नव्हती. ती मला याला द्यायची नव्हती.

"मला काय माहीत," मी म्हणालो. "असंल कुणीतरी गवंडी."

त्याला खोटं वाटलं नाही. वाटायचं कारणही नव्हतं. माझे वडील काय करतात हे त्यानं कधी विचारलं नव्हतं आणि मी सांगितलं नव्हतं. कार्डावर त्यानं सुंदर अक्षरात लिहिलं, "कारागीर : अज्ञात."

प्रदर्शनाच्या दिवशी आबा आले. मी बोलावलं नव्हतं. बाजाराला आले होते, कुणीतरी सांगितलं की कॉलेजात जुन्या रस्त्याचे फोटो लावलेत. धुतलेलं धोतर, खांद्यावर पिशवी. मी दाराशीच होतो. ते आत शिरले आणि एकेका फोटोपुढं थांबत, हसत, पुढं सरकत गेले. लॉजच्या फोटोपुढं ते बराच वेळ उभे राहिले. मागून दोन पोरी आल्या, त्यांना वाट दिली आणि पुन्हा उभे राहिले. मी जवळ गेलो.

"गालबोट दिसतंय की ह्यात," ते हळूच म्हणाले. त्यांनी काचेवर बोट ठेवलं आणि लगेच काढलं. मग पाठमोऱ्या माणसाकडं बघून म्हणाले, "लई बारीक व्हतो तवा."

मी हसलो. तोवर त्यांची नजर खाली कार्डावर गेली. प्रौढांच्या वर्गात जाऊन ते वाचायला शिकले होते, एकेक अक्षर जोडत वाचायचे.

"का-रा-गी-र. अ... अज्ञात." ते थांबले. "अज्ञात म्हंजी?"

मला सांगावं लागलं. "म्हणजे... कोण ते माहीत नाही, असा."

"व्हय का."

कार्डावरची नजर न काढता त्यांनी विचारलं, "तुला इचारलं न्हाय व्हय कुणी?"

एकदा खोटं बोललो होतो. आबांसमोर दुसऱ्यांदा जमलं नाही.

"विचारलं होतं," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मला वाटलं आता 'का' म्हणतील. म्हणाले असते तर मी काय उत्तर दिलं असतं, कोण जाणे. माझा मित्र वाईट नाही, पण मला त्याचं सगळं बघवत नाही, हे बापाला कसं सांगायचं? त्यांनी विचारलं नाही. "आसं," एवढंच म्हणाले, पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली आणि एस.टी. चुकेल म्हणून निघाले. मी त्यांना दारापर्यंतच सोडलं. आत सर माझ्या मित्राबद्दल भाषण करत होते आणि मला ते ऐकायचं होतं. दुखऱ्या दाताला जीभ लावतो तसं.

पुढं कित्येक वर्षं आबांनी तो विषय काढला नाही, मीही काढला नाही. मी बी. ए. झालो, पुढं शिकायला औरंगाबादला आलो. त्यांच्या वागण्यात एकच फरक पडला, तो मला तेव्हा कळला नाही. कॉलेजच्या कामासाठी उमरग्याला आले की ते फाटकाबाहेर, चिंचेखाली थांबायचे. "आत या की," म्हटलं तर म्हणायचे, "हाय की हितं सावली." गेल्या वर्षी छातीत दुखायचं निमित्त झालं आणि ते गेले. घरात लावायला फोटो नव्हता. त्यांची गिलाव्याची थापी आईनं फळीवर ठेवली आहे.

मागच्या आठवड्यात वसतिगृहावर मित्राचं पत्र आलं. आता स्टुडिओ तोच बघतो. ते पत्र मी इथं उतरवतो, कारण त्यातली बातमी माझ्या शब्दांत सांगायला मला जमणार नाही.

"रस्ता रुंद होतोय. लॉजची पुढची भिंत परवा पाडली. दुपारच्या आत सगळं सपाट. पाडायच्या आधी मी फोटो काढून घेतले. जुन्याशेजारी लावून बघताना बाबांना म्हणालो, ह्या माणसाचं नाव शेवटपर्यंत कळलं नाही. तर बाबा म्हणाले, मला कळलंय. तुझ्या त्या दोस्ताचा बाप. प्रदर्शनानंतरच्या बाजारी तो स्टुडिओत आला होता. बरोबर सांगत होता सगळं, कुठली पट्टी का वाकडी ते सुद्धा. बाबा सांगत होते, मी त्याला म्हणालो, मिस्त्री, आजच्या आज कार्ड बदलायला लावतो. तर नको म्हणाला. मी त्याच्यासाठी एक प्रत काढली, मागं आपल्या शिक्क्याखाली त्याचं नाव लिहिलं. ती त्यानं हातात घेतली, बघितली आणि परत दिली.

"मला तू का सांगितलं नाहीस हे मी विचारत नाही. प्रत आमच्या खणात आहे, आलास की घेऊन जा. ती प्रत तुझे वडील घरी का घेऊन गेले नाहीत, हे बाबांनी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, कारण तुझ्या वडिलांनी त्यांच्याकडून तसा शब्द घेतला होता. आता ते नाहीत म्हणून लिहितो. ते म्हणाले होते, 'न्हेली तर पोराला दिसंल. त्याला ठावं व्हतं, तरी त्यानं सांगितलं न्हाय. माझ्या कामाची लाज वाटत असंल त्याला. शिकतंय, नवी माणसं हायत भवती. वाटू द्या. पर ही लाज मला कळलीय, हे त्याला कळू देऊ नका.'"