राजश्री बाईंचा शुक्रवारचा तास

कर्नाटकाच्या सीमेवरच्या आमच्या गावच्या मराठी शाळेत दुपारी एक वाजता राजश्री बाई कोपरापर्यंत हात धुतात आणि स्वयंपाकखोलीच्या पायरीवर शालूबाईंच्या शेजारी बसून अंडी सोलतात. मुलं चौपन्न आणि स्वयंपाकाला शालूबाई एकट्या. भात-आमटी उतरवून वर अंडी सोलायला त्यांना वेळ पुरत नाही. जी मुलं अंडं खात नाहीत त्यांना केळं मिळतं. माझी सौम्या तिसरीत आहे. तिला सोडायला, आणायला, विसरलेला चष्मा द्यायला मी इतक्यांदा शाळेत जाते की बाईंना अंडी सोलताना मी शंभरदा तरी पाहिलं असेल. पाहिलं, पण त्यावर कधी विचार केला नाही.

बाई निपाणीहून स्कूटीवरून येतात. माहेर चिकोडीकडचं, जैन शेतकऱ्यांचं. घरात बोलणं कानडी, शिक्षण मराठीत. पाण्याची बाटली घरून गाळून भरून आणलेली. शाळा सुटली की लगेच निघतात, कारण दिवस मावळायच्या आत जेवण व्हायला हवं. वर्गात मात्र त्यांना कसलीच घाई नसते. एखादं मूल प्रश्न विचारू लागलं की हातातला खडू खाली ठेवून शेवटपर्यंत ऐकतात. त्यांनी स्वतः पाहिलेलं जग म्हणजे श्रवणबेळगोळ, कोल्हापूर आणि एकदा पुणे. म्हणूनच की काय, माजी विद्यार्थ्यांनी शाळेला मोठा टीव्ही दिला तेव्हा त्यांनी तो तिसरीच्या वर्गात लावून घेतला आणि शुक्रवारचा शेवटचा तास दूरच्या माणसांसाठी राखून ठेवला.

टीव्ही आला तेव्हा सगळ्यात आधी शाळेत धावले ती मी. डोळे खराब होतील, सवय लागेल, असं बरंच काही बोलले. पडद्यापासून पहिला बाक किती अंतरावर आहे, हेही विचारलं. बाईंनी कपाटातून टेप काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, तुम्हीच मोजा. नऊ फूट भरलं. मी टेप गुंडाळून परत दिली.

टीव्हीला नेट बाईंच्या मोबाईलचं. तो खिडकीत ठेवला तरच रेंज येते, आणि तीही सीमेपलीकडच्या, महाराष्ट्रातल्या टॉवरची. त्यामुळे दर शुक्रवारी वर्ग कर्नाटकात असतो आणि फोनवर महाराष्ट्रात स्वागत केल्याचा मेसेज येतो. या मेसेजला मुलं टाळ्या वाजवतात. आधी काही आठवडे त्यांनी वाळवंटातली घरं पाहिली, स्वतःचा वर्ग स्वतः झाडणारी जपानी मुलं पाहिली. नंतर बाईंनी एका ऑनलाईन प्रशिक्षणात ओळख झालेल्या इबा मॅडमशी बोलून ठेवलं. त्या मेघालयातल्या एका खेड्यात शिकवतात. ठरलं असं, की दोन्ही वर्गांनी पडद्यावर समोरासमोर बसायचं आणि एकमेकांना आपापला डबा दाखवायचा.

पहिला कॉल डिसेंबरात झाला. साडेतीन वाजले होते, आमच्याकडे लख्ख ऊन, आणि तिकडच्या खिडकीतून कलतं, पिवळं ऊन येत होतं. घड्याळ तर एकच, मग त्यांची संध्याकाळ आधी कशी, यावर मुलांनी बाईंना भंडावून सोडलं. बाई हसून म्हणाल्या, माझी बदली तिकडं झाली तर मला चारलाच जेवावं लागेल. मग डबे उघडले. आमच्या मुलांनी भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी दाखवली. तिकडच्या बानतेई नावाच्या मुलाने केळीच्या पानात बांधलेलं काहीतरी सोडलं आणि अगदी कॅमेऱ्यापुढे धरलं. इबा मॅडमनी हिंदीत सांगितलं, रेशमाचे किडे आहेत, शिजवलेले, बानतेईच्या आईने आज खास पाठवलेत.

सौम्याला चष्मा असल्यामुळे ती पहिल्या बाकावर, खिडकीशी बसते. म्हणजे ज्याच्यावरून कॉल चालला होता त्या फोनच्या अगदी शेजारी. तिने नाक धरलं आणि म्हणाली, "शीऽऽ!"

मागून सगळा वर्ग तेच ओरडला, पण तिकडे आधी पोहोचला तो तिचा आवाज. त्या शब्दाचं भाषांतर कुणी करायची गरज नव्हती. बानतेईने पान मिटलं आणि तो कॅमेऱ्यापुढून बाजूला झाला. थोड्या वेळाने इबा मॅडमनी मुलांना घरी जायचंय असं सांगून कॉल बंद केला. पुढचा कॉल कधी, हे बाईंनी दोनदा विचारलं. कळवते, एवढंच उत्तर आलं.

हे मला शालूबाईंकडून कळलं. त्या दारात उभ्या राहून पाहत होत्या. "सौम्याच पहिली वरडली बघा," त्या म्हणाल्या. "बाईंचं तोंड लई उतरलंय. रागावल्या मात्र न्हाईत."

न रागावल्याचीच मला जास्त भीती वाटली. बाईंनी महिनाभर खटपट करून जुळवलेलं माझ्या मुलीने एका शब्दात मोडलं होतं. घरी येऊन मी सौम्याला विचारलं, असं नाक धरायला तुला कुणी शिकवलं? तिने माझ्याकडे नुसतं पाहिलं. जेवणानंतर मोबाईलवर परदेशातल्या बाजारांचे व्हिडिओ बघताना मी आणि माझी नणंद काय म्हणतो, आणि तेव्हा माझा हात कुठे जातो, ते मला आठवलं.

सोमवारी बाईंनी माफीचा विषयच काढला नाही. त्यांनी फळ्यावर एक प्रश्न लिहिला: या खोलीत कोण काय खात नाही? कुणी कारलं सांगितलं, कुणी वांगं. एकाच्या घरी सोमवारी आणि गुरुवारी मटण चालत नाही. फळा भरत आला तेव्हा समर्थ नावाच्या मुलाने विचारलं, बाई, तुमचं काय? बाईंनी लिहिलं: कांदा, लसूण, बटाटा, अंडं.

सौम्याने घरी आल्या आल्या दप्तरही न काढता मला हे सांगितलं, म्हणून पुढचं बोलणं मला शब्दन् शब्द माहीत आहे. समर्थने विचारलं, "मग सोलताना तुम्हाला शी वाटत नाही?"

बाई म्हणाल्या, "पहिल्या दिवशी वाटलं. मागं जाऊन उलटी करून आले. पण मी तुमच्यासमोर नाक धरलं असतं, तर तुम्हाला घास गिळवला असता का रं?"

मी दुसऱ्या दिवशी एक वाजता शाळेच्या फाटकाशी उभी राहिले. बाई अंड्याचं टरफल काढत होत्या, अंडं पाण्यात बुडवून स्वच्छ ताटात ठेवत होत्या. बोटं सराईत होती. घरी गेल्यावर स्वयंपाकघरात शिरण्याआधी त्या अंघोळ करतात, सासूबाईंचा तसा नियम आहे, असं शालूबाईंनी मला सांगितलं. तीन वर्षं रोज.

त्या आठवड्यात सौम्याने मला प्रश्नांनी हैराण केलं. किडा रेशीम का करतो? तुझ्या लग्नाच्या साडीत किती किडे होते? त्यांचं पुढं काय झालं? मी बी.कॉम. झालेली बाई, पण कोष उकळत्या पाण्यात टाकतात हे मला शोधून वाचावं लागलं. तिला सांगितलं तेव्हा ती कपाट उघडून त्या साडीकडे बघत राहिली. म्हणाली, "मग ते लोक किडे फेकत न्हाईत, खातात. आपण काय करतो?"

बाईंनी मुलांकडून प्रश्न गोळा करून त्यांचा व्हिडिओ केला आणि तिकडे पाठवला. सौम्याचा प्रश्न होता, तुमचे किडे काय खातात? नऊ दिवस उत्तर नव्हतं. बाई रोज मधल्या सुट्टीत फोन बघायच्या आणि परत पर्समध्ये ठेवायच्या. सौम्या मला सकाळीच विचारायची, आज येईल का? दहाव्या दिवशी एक फोटो आला. हिरव्यागार, हाताच्या बोटांसारख्या फाकलेल्या पानावर पांढरे किडे. मुलं फोटो बघून शाळेच्या मागच्या बांधाकडे पळाली. ते एरंडाचं पान होतं. आमच्या बांधाबांधावर वाढतं, कुणी त्याकडे ढुंकून बघत नाही. फोटोखाली इबा मॅडमनी शुक्रवार असं लिहिलं होतं.

त्या शुक्रवारी बाईंनी मलाही बसायला बोलावलं. मी सगळ्यात मागच्या बाकावर बसले, गुडघे फळीला टेकत होते. पडदा उजळला. बानतेई कडेला, अर्धा दिसेल असा उभा होता. सौम्याने एरंडाचं पान फोनपुढे धरलं. बानतेई एकदम पुढे आला आणि आपल्या भाषेत जोरात काहीतरी म्हणाला. इबा मॅडम हसल्या. तो विचारत होता, तुमच्याकडेही आहे? मग तुमचे किडे कुठायत?

इतक्यात शालूबाई सकाळचं उरलेलं दूध पेल्यात घेऊन आल्या, कारण आमच्या मुलांना शाळेत काय मिळतं ते दाखवायचं ठरलं होतं. समर्थने पेला पुढे केला. इबा मॅडमनी सांगितलं, बानतेईची आजी दूध पीत नाही, ते वासराचं असतं म्हणते. बानतेईचा हात नाकाकडे निघाला. अर्ध्यावर थांबला आणि त्याने तो मागे नेऊन पाठीशी धरला. आमच्या वर्गात कुणी हसलं नाही. मी सौम्याच्या वेणीकडे बघत होते.

मग त्याने बाईंना विचारलं, मॅडमनी हिंदीत करून सांगितलं: तुम्ही इकडे आलात तर आमचे किडे खाल का?

"नाही," बाई म्हणाल्या. "मी खाणार नाही. पण ते पानं कशी खातात, ते मला बघायचंय."

बानतेईने खोलीच्या कोपऱ्यातून बांबूचं सुपासारखं मोठं ताट आणलं आणि कॅमेऱ्यापुढे धरलं. शेकडो पांढरी तोंडं एरंडाच्या पानाच्या कडा कुरतडत होती. टीव्हीतून कसलासा बारीक, एकसारखा आवाज येत होता. सौम्या बाकावरून अर्धी उठली, पुन्हा बसली, आणि मान पुढे काढून ऐकू लागली.

बाईंनी रिमोट उचलला आणि आवाज वाढवला.