आत्याचा टॉवेल

आमच्या आत्याला कुणी विचारलं की मटणात तुला काय आवडतं, तर ती "पोट" असं सरळ सांगायची आणि विचारणाऱ्याचा चेहरा बघत राहायची. कुणाचं नाक मुरडतंय, कुणाची नजर आडनावाच्या पाटीकडे जातेय, हे ती बरोबर टिपायची. "मटण म्हटलं की लोक विचारतात कुठून आणलं," ती म्हणायची. "वजडी म्हटलं की विचारतात, आडनाव काय."

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. नगरकडून लग्न होऊन मुलुंडला आली, लवकर विधवा झाली, औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला लागली आणि निवृत्त झाल्यावर आमच्याच घरी राहिली. रविवारी सकाळी खाटकाकडून बकऱ्याचं पोट आणि आतडी, म्हणजे वजडी, ती स्वतः आणायची. गरम पाण्यात बुडवून वरची काळी साल सुरीनं खरवडायची, हळद-मीठ लावून चोळायची आणि मग दोन्ही हातांनी ताणून खिडकीच्या उजेडात धरायची. पांढरीशुभ्र निघाली की एकटीच मान डोलवायची. समोरच्या इमारतीतल्या बाईंनी हा सोहळा एकदा बघितला आणि त्यांची ती खिडकी कायमची बंद झाली. "त्यांना ऊन लागत असेल," आत्या म्हणाली.

आमच्या सोसायटीत बहुतेक शाकाहारी. कुणी तोंडावर काही बोलायचं नाही, पण सोमवारी लिफ्टमध्ये "काल कसला तरी वास येत होता ना" असं कुणी तरी छताकडे बघून म्हणायचंच. आई धास्तावलेली असायची. त्यातून तिनं एक शब्द काढला. वजडीची आतली बाजू टर्किश टॉवेलसारखी लवेची असते, म्हणून फोनवर, जिन्यात, दारात वजडी म्हणायचं नाही, टॉवेल म्हणायचं. "टॉवेल आणलाय, संध्याकाळी या." आत्याला हे मुळीच पटलं नव्हतं. पण भावाच्या घरात राहायचं तर भावजयीचं एखादं ऐकावं लागतं, म्हणून ऐकलं. पुढं तिच्या तोंडात तो शब्द इतका बसला की घरातसुद्धा ती टॉवेलच म्हणायला लागली.

माझ्या ऑफिसातल्या निखिलला मी तो डब्यातून खाऊ घातला होता. त्याला नावही सांगितलं होतं. तो दर सोमवारी विचारायचा, "टॉवेल आहे काय गं?" आत्याला याचं कोण कौतुक. न बघताच तिनं त्याला जावई करून टाकला होता.

बघण्याचा प्रश्न त्याच्या आईवडिलांचा होता. ते जोगेश्वरीचे, मूळ मालवणकडचे मराठे. आम्ही बौद्ध. निखिलनं आमच्या लग्नासाठी घरी बरेच महिने भांडून त्यांना एकदाचं आमच्याकडे यायला तयार केलं होतं. परत एक संधी मिळणार नाही, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. आईनं पुरी-भाजी आणि श्रीखंडाचा बेत केला, अंडंसुद्धा घरात ठेवलं नाही. फक्त आदल्या दिवशीची वजडी डब्यात घालून फ्रिजमध्ये मागे सरकवली होती. आत्याला तिनं हात जोडले. "आक्का, आज तेवढं सांभाळा."

"मी तोंडच उघडत नाही," आत्या म्हणाली. "कुणी विचारलं तरच बोलेन."

आणि खरंच, सकाळभर ती इस्त्रीचं लुगडं नेसून कोपऱ्यात गप्प बसून होती. निखिलची आई मोजकं बोलत होती, पाणी प्यायच्या आधी पेला उजेडात बघत होती. जेवायच्या आधी त्या हात धुवायला उठल्या. बेसिनपाशी ओले हात धरून त्यांनी मागे वळून बघितलं. जवळ आत्याच होती.

"टॉवेल आहे काय हो?"

आत्याचा चेहरा असा उजळला की मला अजून दिसतो. तिला वाटलं, निखिलनं घरी सांगितलंय. आपला शब्दही सांगितलाय.

"आहे ना," ती उठत म्हणाली. "कालचा आहे, पण मुरलाय चांगला. गरम करते."

"टॉवेल गरम?"

मी उठेपर्यंत आत्यानं फ्रिजमधून डबा काढून झाकण उघडलं होतं. काळ्या मसाल्याचा वास हॉलभर झाला. निखिलची आई डब्यात वाकून बघत राहिली. त्यांच्या हातांचं पाणी फरशीवर ठिबकत होतं.

"हे काय आहे?"

"मशरूम," माझी आई म्हणाली.

आत्यानं आईकडे बघितलं. रागानं नाही. आपलं माणूस गर्दीत ओळख न दाखवता पुढं गेलं तर आपण बघू, तसं. चूक कुठं झाली ते तिला तेव्हाच कळलं असावं. गप्प बसली असती तर सगळं निभावलं असतं. मीही मनात तेच मागत होते.

"मशरूम नाही, बाई," आत्या म्हणाली. "वजडी आहे. बकऱ्याची. आम्ही खातो. ही पोरगीपण खाते. आता काय विचारायचं ते विचारा."

निखिल उठला, ताट घेऊन आत्यापुढे आला आणि म्हणाला, "आत्या, मला वाढा."

"तू ह्या खातस?" त्याच्या आईनं विचारलं.

"वर्ष झालं, आई."

माझ्या आईनं नॅपकिन पुढं केला. तो न घेता निखिलच्या आईनं आपल्या पदराला हात पुसले. जेवण झालं, पण कसं झालं ते विचारू नये. जाताना त्या "येतो" म्हणाल्या नाहीत.

पुढं कितीतरी दिवस तिकडून फोन नाही. आई आत्याशी बोलेना. आत्यानं वजडी आणायची बंद केली. एका दुपारी मी रडत होते, तेव्हा ती शेजारी येऊन बसली.

"तुझं मोडलं तर मी गावाला निघून जाते, पोरी. परत तोंड दाखवणार नाही." मग म्हणाली, "पण मशरूम म्हणणार नाही."

मोडलं नाही. निखिल हटून बसला होता. शेवटी त्याच्या आईचा होकार आला, एका अटीवर. "ते आमच्या घरात शिजायचं नाही." त्यांनी नाव घेतलं नाही. पुढंही वर्षानुवर्षं घेतलं नाही. त्यांच्या लेखी ते 'ते'च.

लग्नात आत्यानं मला एक पुडकं दिलं. आत पांढरा, जाडजूड टर्किश टॉवेल. "हा टॉवेल," ती म्हणाली. "अंग पुसायचा. सासरी याला टॉवेल म्हण. दुसरीला तिच्या नावानं हाक मार."

परवाच्या उन्हाळ्यात आत्या गेली. झोपेतच गेली, कुणाला त्रास न देता, जे तिच्या स्वभावाला धरून नव्हतं. मुलुंडहून परतल्यावर मला काही सुचेना. घरात नुसती फिरत राहायचे. एका रविवारी मी खाटकाकडे गेले, वजडी आणली आणि सासूबाईंना सांगितलं, "आज मी वजडी करणार आहे. आत्यासाठी." त्या आतल्या खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं. मी साल खरवडली, ताणून खिडकीच्या उजेडात धरली. आता हे घर फुटणार असंच वाटत होतं.

कुकर उतरवला तेव्हा दार उघडलं. सासूबाई बेसिनपाशी आल्या, हात धुतले आणि सवयीनं म्हणाल्या, "टॉवेल..." आणि तिथंच अडखळल्या. तो शब्द आमच्या दोघींमध्ये तसाच लटकून राहिला. मी खुंटीवरचा आत्याचा टॉवेल काढून त्यांच्या हातात दिला. धुऊन धुऊन तो विरलाय आता.

त्यांनी सावकाश एकेक बोट पुसलं. टॉवेलची घडी घातली. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "वजडी शिजली काय?"