चांदले फोन द्या!

आता तुमच्यापासून काय लपवून ठेवू राजेहो! पण पहिले चहाचा घोट गिळून घ्या. मागच्या खेपेले हा किस्सा सांगितला तवा एकाच्या नाकातून चहा आला होता.

तं असं आहे, आर्णीत माहं मोटर भराचं दुकान. विहिरीवरची मोटर जळली की कास्तकार माह्याकडे आणते. सारा जन्म मोटरीत तांब्याची नवी तार भरता भरता गेला. म्हणून सांगतो, पाणी अन् करंट हे दोन शब्द एकासंगं ऐकले की माह्या अंगावर काटा येते. विहिरीत करंट उतरला अन् माणूस पाण्यात शिरला, की खेळ खलास! येईन त्याले मी हेच बजावतो, बाप्पा, पहिले मेन स्विच पाड, मंग बाकीचं बोल.

अन् माही भाची पल्लवी! काय पोट्टी आहे म्हणून सांगू! पोहणं शिकली आमच्या गावच्या विहिरीत, अन् पोहोचली कुठं? अंदमानात! तिथं एका बेटापाशी समुद्राच्या तळाले जुनं मालवाहू जहाज बुडून पडलं आहे. पाठीवर हवेची टाकी बांधून ही लोकाईले ते जहाज दाखवाले खाली नेते. स्कुबा म्हणते त्याले. मले अरुणावती नदीच्या पुलावरून खाली पाहिलं तरी गरगरते.

तिचा बाप, म्हणजे माहे भाऊजी, तिले पाठवाले तयारच नव्हते. मीच मागं लागून लागून हो म्हणवलं. हो म्हटलं, पण अट टाकली. "एक जरी वाईट बातमी आली, तं त्याच दिवशी पोट्टीले घरी आणतो. मंग तू मधात बोलाचं नाही."

अन् ती बातमी घरी नेली कोणं? म्याच!

एका दिवशी पल्लवीनं सकाळीच फोनवर पाठवलेला आवाजी निरोप म्या दुपारी ऐकला. "मामा, आज पाण्यात लय करंट आहे. पण पाव्हणे आले आहे, बुडालेल्या जहाजापाशी खाली चालली मी. फोन लागणार नाही. आईले सांगजा."

पाण्यात करंट! अन् पोट्टी त्यात उतरून राह्यली! वरून 'आईले सांगजा'! असं माणूस केव्हा म्हणते, सांगा बरं?

फोन लावला, लागे ना. शटर पाडलं, गाडीले किक मारली. चौकात चहावाल्यानं हटकलं, "मामा, एवढ्या घाईत कुठं?" म्या चालत्या गाडीवरूनच ओरडलो, "पाण्यात करंट उतरला! पल्लवी जहाजापाशी आहे!"

चूक झाली. चहावाल्याच्या हातात चहा कमी अन् मोबाइल जास्त असते. मी ताईच्या गावात पोहोचलो, तं अंगणात हे एवढी गर्दी! ताई डोक्याले हात लावून बसलेली. शेजारची म्हातारी म्हणे, "जहाज बुडालं म्हणते वं माय! करंट लागून बुडालं!"

भाऊजी वावरातून तसेच आलते, पायाले चिखल. मले पाहून म्हणे, "तूच होता न मोठा तिले पाठवणारा? लाव फोन. आजच्या आज पोट्टी घरी पाहिजे."

पल्लवीच्या हापिसात फोन लावला. एका माणसानं उचलला.

"हॅलो! पानी में करंट है क्या?"

"हाँ सर, आज तो बहुत है."

पाहा! कबूल करून राह्यला!

"तो बंद करो ना! पहले लाइन बंद करो!"

"सर, वो हमारे हाथ में नहीं है."

"फिर किसके हाथ में है?"

"चाँद के, सर. कल अमावस्या है ना."

आता राजेहो, आमच्या इथं चांदभाई नावाचा वायरमन आहे. लाइन गेली की अर्धं आर्णी त्यालेच फोन लावते. मले वाटलं, तिथंबी असाच कोणी चांद असन. अन् उद्याच्या अमावस्येच्या नावानं आजच हात वर करते, म्हणजे पक्का कामचोर!

"चाँद को फोन दो!"

"किसको, सर?"

"अरे चाँद को! बोलो उसको, मेन स्विच गिरा! पानी में आदमी लोग है!"

"सर... चाँद तो ऊपर है."

"खांबावर चढला आहे म्हणते," म्या भाऊजीले सांगितलं. मंग फोनवर, "तो नीचे उतारो उसको!"

मंग तो हळूच म्हणे, "सर, आप कहाँ से बोल रहे हैं?"

"यवतमाल जिल्हा!"

"वहाँ समुंदर नहीं है ना, सर?"

"समुंदर नहीं है, लेकिन मोटर बहुत है!"

तेवढ्यात पल्लवी बोटीवरून हापिसात परतली अन् फोनवर तिचा आवाज आला. "मामा? काय चाललं तुमचं?" म्या स्पीकर लावला, ताई तं रडताच रडता हसाले लागली. म्या सारं सांगितलं. पोट्टी हसून हसून बेजार!

"अवो मामा, करंट म्हणजे पाण्याची ओढ! नाल्याच्या पुरात पाय टिकते का? तसं. अमावस्या-पुनवेले चंद्रामुळं भरती-ओहोटी मोठी, म्हणून ओढबी मोठी."

माहं तोंड पाहण्यासारखं झालं असन. पण भाऊजी हसले नाही. त्याईनं फोन हातात घेतला. "मंग एवढ्या ओढीत उतरली काहून?"

"उतरली कुठं, बाबा? जागेवर जाऊन पाहिलं, ओढ जास्त वाटली, सगळ्याईले बोटीतच बसवलं. एक पाव्हणा लय रुसला, आत्ताच जाचं म्हणे. म्हटलं, बसा चुपचाप, इथं माहं ऐका लागते. भरती संपली की ओहोटी सुरू व्हाच्या आधी पाणी थोडा वेळ थांबते. तेवढ्यात नेलं, दोर धरून, एकामागं एक."

"दिसते का काही खाली?"

"आज पाणी इतकं निवळ होतं बाबा, अर्ध्या दोरावरूनच सारं जहाज दिसलं! लोखंडावर पोवळे उगवले, अन् जिथं माल भरत होते तिथं मासेच मासे. एवढे चांदीसारखे, की टॉर्च मारला तं डोळे दिपते. तो रुसलेला पाव्हणा वर येऊन माह्या पाया पडाले लागला."

खरं सांगतो राजेहो, माह्या डोळ्यात पाणी आलं. आमच्या विहिरीतली पोट्टी, अन् समुद्र थांबाची वाट पाहून लोकाईले तळाशी नेते अन् सुखरूप वर आणते! भाऊजी मिशीतल्या मिशीत हसले. म्हणे, "राहा तिथंच. तुले पाण्याचं समजते."

म्या छाती फुगवून चारी बाजूनं पाहिलं. शेवटी पाठवलं कोणं होतं तिले? म्याच न!

भाऊजीनं फोन मले वापस देला अन् ताईले आवाज देला.

"आपली मोटर याच्या दुकानात भराले टाकली आहे न? गाडी काढ, आत्ताच उचलून आणतो. याच्या हातची मोटर मी विहिरीत सोडत नाही. हा करंट बंद कराले चंद्राले खाली बोलावते!"