कैद्याचं पुढे काय झालं

दुभाष्याकडे किस्से आपोआप जमतात राव! दोन्ही बाजूंची माणसं त्याच्यासमोर बिनधास्त बोलतात, आणि मधल्या मध्ये काय गाळलं ते त्यालाच ठाऊक असतं. चाकणच्या कंपनीत माझ्याकडेही बरेच जमले. बहुतेक सांगताना मान खाली जाते.

*

कॅन्टीनमध्ये शब्दांची कुळं सांगत बसायची मला खोड. एकदा लॅटिनमधला ‘काप्तीवुस’ घेतला. म्हणजे लढाईत धरलेला कैदी. स्पॅनिशमध्ये तो ‘काउतीवो’, अजून कैदीच. फ्रेंचमध्ये झाला ‘शेतीफ’, म्हणजे मरतुकडा. आणि इटालियनमध्ये ‘कात्तीवो’, म्हणजे चक्क वाईट!

मेंटेनन्सचे सलीमभाई उठले. "सर, कैदी सुटेल तेव्हा सुटेल, आपला लंच टाइम संपला!"

*

पुढे एक फ्रेंच पाहुणा आला. सलीमभाईंच्या अंगकाठीकडे बघून हसत म्हणाला, "शेतीफ!" मी घाईघाईने भाषांतर केलं, "चपळ आहात म्हणतोय."

सलीमभाईंनी त्याला स्वतःच्या हाताने चहा दिला. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "सर, त्या दिवशी तर मरतुकडा सांगितला होतात."

कुठे तोंड लपवू असं झालं मला.

*

आता दत्ताचं सांगतो. हे सांगायला खरंच लाज वाटते.

आमच्याकडे पुढच्या शिफ्टचा रिलीव्हर आल्याशिवाय मशीन सोडायचं नाही, असा नियम. निघोज्याचा दत्ता कॉन्ट्रॅक्टवर होता. त्याच आठवड्यात परमनंटची यादी ठरणार होती. त्याचा रिलीव्हर आलाच नाही, मॅनेजरनेही दुसरा माणूस दिला नाही. सलग दुसऱ्या शिफ्टला दत्ताच्या हातून पार्ट बिघडले.

बिघडलेले पार्ट बघायला आलेल्या इटालियन इंजिनिअरने मला विचारलं, "हा ऑपरेटर कसा आहे?"

मॅनेजर शेजारीच उभे होते. दुसऱ्या शिफ्टचं सांगितलं असतं तर खापर त्यांच्यावर फुटलं असतं. मी ते गिळलं आणि म्हणालो, "कात्तीवो."

दत्ताचं नाव यादीतून गेलं.

*

त्याच्या शेवटच्या दिवशी मी त्याला गेटबाहेर गाठलं. इंजिनिअरला मी काय म्हणालो, काय लपवलं, सगळं सांगितलं. तो शब्द कुठून आला तेही सांगितलं, की धरलेला माणूसच पुढे वाईट ठरला. माफी मागितली.



"मला मशिनीनं धरून ठिवलं हुतं, सर," दत्ता म्हणाला. "तुमाला कुणी धरलं हुतं?"